ॲल्डरकोटचा ताबा

ॲल्डरकोटच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वर पाच ढाली कोरलेल्या होत्या, दर मालकाच्या चिन्हाची एक. पहिली मठाची. राजाने मठ मोडले तेव्हा हे मॅनर, म्हणजे घर, गिरणी आणि तीन शेतवाड्या, एका दरबाऱ्याला मिळाले. दुसऱ्या ढालीवर त्याचा ससाणा. यादवी युद्धात त्याच्या नातवाची बाजू हरली आणि तिसरी ढाल एका कर्नलची आली. चौथीवर लोकरीच्या व्यापाऱ्याचा मेंढा. पाचवीवरचे गलबत हार्गेटांचे. हार्गेटांच्या पोटी दोनदा मुलगा झाला नाही. दोन्ही वेळा जावयाने स्वतःचे आडनाव टाकून हार्गेट हे नाव घेतले, म्हणून ते गलबत टिकले.

आज त्या ढालींखालून उर्सुला हार्गेट सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडली. घरात कोणी उरता कामा नये, अशी रीत होती. डॉर्चेस्टरच्या वकिलाकडे सह्या केव्हाच झाल्या होत्या, पण ॲल्डरकोटमध्ये सहीने मालक बदलत नसे. जुन्या मालकाने गवतासकट मातीचे ढेकूळ कापायचे, त्यात डहाळी खोचायची, ते नव्याच्या हातात द्यायचे आणि हद्दीबाहेर जायचे. नव्याचे पहिले जेवण होण्याआधी जुन्याने आत पाऊल टाकले, तर सगळे फुकट!

सोळा वर्षांपूर्वी वडिलांनी असेच ढेकूळ तिच्या हातावर ठेवले, तेव्हा तिचा धाकटा भाऊ जाइल्स फाटकाबाहेर उभा होता. शेतवाडी कसणाऱ्या कुळाच्या मुलीशी, नेलशी, लग्न केल्यामुळे त्याला घर बंद झाले होते. "बहिणीनं घर गिळलं!" एवढे ओरडून तो ब्रिस्टलला गेला आणि जमिनीची मोजणी करू लागला. मागच्या हिवाळ्यात वडील गेले, तरी तो आला नाही. आज घराचा ताबा घ्यायला आला, तोही संशय घेऊनच.

"घे," उर्सुला म्हणाली. "सांभाळून, गांडुळं आहेत."

"वापरून जुनं झालं की मला द्यायचं, ही तुझी लहानपणापासूनची सवय. सायकलही अशीच मिळाली होती."

"तिला ब्रेक नव्हते. याचं नुसतं छप्पर गळतं."

ती फाटकाबाहेर गेली. तिची पेटी सकाळीच स्टेशनवर पोचली होती.

"झालं ना?" नेलने विचारले. "आता ढेकूळ परत करता येत नाही ना याला?"

"नाही."

"मग मी बोलते. मिस उर्सुला, खुशाल रागवा."

"अजून मिस? अगं, नणंद आहे मी तुझी! आणि गप्प बस."

"खूप बसले! जाइल्स, आपण लग्न केलं म्हणून तुझे वडील हे घर बिअरच्या कारखानदाराला विकायला निघाले होते. मला द्या, असं या म्हणाल्या, म्हणून वाचलं. तरी जिवंत असेपर्यंत परत घ्यायचा हक्क त्यांनी ठेवलाच. घर तुझ्यासाठी राखलंय हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर? आणि यांना मागणी घातलेला स्टीफन हॅल्केट कॅनडाला का गेला, ठाऊक आहे?"

"वाट बघून कंटाळला असेल."

"त्याला हार्गेट व्हायचं नव्हतं! त्याचा भाऊ आफ्रिकेच्या लढाईत गेला. त्या नावाचा तो एकटाच उरला होता. मी माहेरी आले होते, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात बसून रडला बिचारा. म्हणाला, तिला सांग, घर सोड आणि माझ्याबरोबर चल. मी सांगितलं. तर या म्हणाल्या, मी सोडलं तर जाइल्सचं जाईल... मला शपथ घातली यांनी, ढेकूळ तुझ्या हातात पडेपर्यंत बोलायचं नाही. तू घेतलंच नसतंस!"

उर्सुलाने मान फिरवली. 'उर्सुला हॅल्केट'... एकदाच, गिरणीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने ते नाव उच्चारून पाहिले होते. आज ते पुन्हा ओठांशी आले आणि डोळे भरून वाहू लागले.

"उर्सी... मला एका शब्दानं तरी सांगायचंस!"

"तू धावत येऊन वडिलांच्या पाया पडला असतास, आणि इथे बिअरची पिंपं लागली असती."

"मी तुला काय काय बोललो..."

"ऐकलं सगळं. फाटक लाकडी आहे, आवाज आरपार येतो."

जाइल्सने फाटक सताड उघडले. "आत ये."

"तू जेवल्याशिवाय नाही."

"मी एकटा जेवणार नाही."

"मग मालकही होणार नाहीस. मग मी हे सगळं कशासाठी केलं रे?"

 ढेकूळ नेलच्या हातात देऊन जाइल्स घरात गेला आणि स्वयंपाकघरातले टेबल अंगणातून ओढत फाटकापर्यंत घेऊन आला.

"हे काय? रीत अशी नाही!" उर्सुला ओरडली.

"टेबल कुठे मांडायचं, ते रीतीत सांगितलंय?"

तिने आठवून पाहिले. "नाही."

"मग बस तिकडे, बाहेरच्या बाजूला. आणि पेटी परत मागव."

नेलने पाव, चीज आणि थंड मटण आणले. जाइल्सने आतल्या बाजूला खुर्ची मांडली, खिशातून मोजपट्टी काढली, गुडघ्यावर बसून फाटकाच्या उंबऱ्यापासून दोन्हीकडे माप घेतले आणि खात्रीसाठी पुन्हा घेतले. टेबल साडेसात फूट लांब होते. चार फूट हद्दीच्या आत, साडेतीन फूट बाहेर.