पाठीमागची गाठ

रजेआधीची शेवटची पाळी म्हणून सिस्टर त्या दुपारी जरा हलक्या पावलांनी आली. साथीत महिनोन्‌महिने राबून तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. मेट्रनबाईंच्या हातापाया पडून कशीबशी सुटी पदरात पडली होती. संध्याकाळी घरी जायचं आणि लेकीला कुशीत घ्यायचं, बाकी जग गेलं खड्ड्यात, एवढंच डोक्यात होतं.

कपडे चढवायच्या खोलीत ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. संरक्षक झग्याचे बंद पाठीमागे, ते दुसरीनंच बांधायचे. आणि जी बांधेल तिनंच पाळी संपल्यावर सोडायचे. आत कोण अडकलंय याचं कुणाला तरी भान राहावं, म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टरनं, अक्कानं, हा रिवाज पाडला होता.

मागून कुणीतरी बंद आवळले. खांद्यावर दोनदा थाप पडली.

"जा गं आत. सुटलीस की मीच सोडते."

"बरं, अक्का," ती सवयीनं म्हणाली आणि आत गेली.

हातमोजे ओढताना तिला आठवलं. अक्का गेल्याच महिन्यात वारली होती, याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. रजा मागून मागून थकली बिचारी, आणि पाठ टेकली ती आजारी पडल्यावरच.

झोप नाही, दुसरं काय, असं स्वतःला बजावून तिनं काम रेटलं.

पाळी संपल्यावर दुसरी सिस्टर गाठीशी झटापट करून घामाघूम झाली.

"कुणी बांधलीये गं ही? सुटायचं नाव घेत नाही."

"काप."

"अगं, पण..."

"काप म्हटलं ना... लवकर."

बंद कापले, झगा कचऱ्याच्या पिशवीत गेला. आंघोळ करून, मागे वळूनही न बघता तिनं घर गाठलं.

लेक धावत आली. एरवी संसर्गाच्या भीतीनं लेकीला लांब धरणाऱ्या सासूबाईंनीही आज तिला अडवलं नाही, त्या पाणी तापवायला आत गेल्या. सिस्टर दारातच खाली बसली, लेकीनं गळ्यात हात टाकले आणि तिला रडू आवरेना. पाठीवरून फिरणारे चिमुकले हात मध्येच थांबले.

"आई, इथे गाठ कसली गं?"

तिच्या अंगात साधा कुडता होता. त्याला बंदच नव्हते.

"राहू दे, बाळा... हात लावू नकोस." तिनं लेकीचे दोन्ही हात पुढे ओढून मुठीत घट्ट धरले.

तेवढ्यात खांद्यावर दोनदा थाप पडली. आत जा म्हणताना पडायची, तशीच.