छतावर असशील तर खाली उतर

यादिरा जिना उतरत होती आणि तो चढत होता – खांद्यावर लांबलचक शिडी घेऊन. वळणावर शिडीचं टोक तिच्या कपाला लागलं आणि सगळी कॉफी तिच्या पिवळ्या जाकिटावर!

“अरे देवा... तुम्ही तर टीव्हीवरच्या हवामानवाल्या!”

“हो. पण आज कॉफीचा पाऊस पडेल, हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं.”

तो एलिसेओ. घरोघरी अँटेना बसवायचा. अमेरिकेतल्या विचिता शहराच्या उत्तर भागात, एका बेकरीच्या माडीवर, ते इवलंसं स्पॅनिश चॅनेल चाले. सिग्नल इतका क्षीण की शहराच्या दक्षिण टोकाला पोचेपर्यंत चित्राचे तुकडे होत. तिकडच्या म्हाताऱ्या फोन करून करून मालकांना भंडावून सोडत; त्यांत दोन्या चेला, म्हणजे चेलाबाई, सगळ्यांत पुढे. म्हणून मालक फिदेन्सिओंनी त्याला बोलावलं होतं.

मग दर गुरुवारी तो तक्रारींची यादी न्यायला येऊ लागला. येताना खालच्या बेकरीतला गरम गोड पाव... नेमके दोन.

“दोन्या चेला विचारत होत्या, तुमचं लग्न ठरलंय का.”

“दोन्या चेला विचारत होत्या?”

“हो... त्याच.” त्याचे कान लालबुंद झाले.

दोन महिने झाले, तरी दोघंही ‘तुम्ही’ला चिकटून होते.

मे महिन्यातल्या त्या दुपारी आभाळ हिरवट झालं आणि भोंगे वाजू लागले. टोर्नेडो दक्षिणेकडच्या वस्तीवर येत होता. अर्ध्या तासापूर्वीच एलिसेओ फोनवर म्हणाला होता, “दोन्या चेलांच्या छतावर चढतोय.” आता त्याचा फोन लागत नव्हता.

यादिराला खुर्ची सोडता येईना. तिकडच्या कितीतरी घरांत इंग्रजी कुणालाच कळत नसे. त्यांच्यासाठी तिचाच आवाज. ती एकेका रस्त्याचं नाव वाचत गेली. मग दोन्या चेलांचा रस्ता आला... आणि तिनं हातातला कागद खाली ठेवला.

“एलिसेओ – छतावर असशील तर खाली उतर. आत्ताच्या आत्ता! ऐकतोयस ना?”

आणि ती पुढचं नाव वाचू लागली.

वीस मिनिटांनी वादळ वस्तीला घासून शेतांकडे वळलं. तेवढ्यात स्टुडिओतला फोन वाजला. मालकांनी तो स्पीकरवर टाकला.

“यादिरा? दोन्या चेलांच्या फोनवरून बोलतोय. तळघरात आहोत. छपराचा कोपरा गेला... माणसं सगळी धड आहेत.”

तिच्या डोळ्यांना धार लागली. “तुझा फोन का लागत नव्हता?”

“वाऱ्यानं उडाला. मी वरच होतो गं. दोन्या चेलांनी खिडकीतून झाडू आपटला – ‘टीव्हीवरची मुलगी तुला बोलावतेय, उतर मेल्या!’” मग तो हळूच म्हणाला, “तू मला... ‘तू’ म्हणालीस.”

“चुकून.”

“सगळ्या शहरानं ऐकलंय. यादिरा, मला तू... म्हणजे, पहिल्या दिवसापासूनच...”

“जोरात बोल की! इकडे ऐकू येत नाही!” फोनवर त्याच्या मागून, तळघरातली कुणीतरी म्हातारी ओरडली.

मालकांनी कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याकडे बोट केलं. कार्यक्रम अजून चालूच होता! यादिरानं नाक पुसलं, जाकीट नीट केलं आणि कॅमेऱ्यात पाहिलं.

“वादळ शहराबाहेर गेलंय. आता श्वास सोडा सगळ्यांनी. आणि एलिसेओ... मलाही तू आवडतोस. लवकर ये.”

तळघरातल्या बायकांनी असा गलका केला, की मालकांना स्पीकरचा आवाज कमी करावा लागला.