खोलीचा आवाज

जुनी टेप वाजवण्याआधी भट्टीत शेकावी लागते, असं सांगितलं की लोक हसतात. तुम्हीही हसा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा लेप चिकट होतो. मंद आचेवर शेकली तर एकदोनदा वाजते, मग लेपाचे पापुद्रे सुटू लागतात. माझं पोट याच कामावर चालतं. त्या दुपारी भट्टीत ठेवलेल्या टेपा मात्र कुणा परक्या गिऱ्हाइकाच्या नव्हत्या. आमच्या दादाच्या बँडच्या होत्या.

नव्वदच्या दशकात चार पोरांनी टायरच्या दुकानाखालच्या एका तळघरात तीन कॅसेटी केल्या. गिटार किंचाळायची, दादा तिच्याहून जोरात किंचाळायचा आणि आई म्हणायची, "त्याला कुणीतरी पाणी द्या रे!" पहिली कॅसेट म्हणजे नुसता दंगा, मोकळा, ऐसपैस. दुसरी दाट. तिसरीत दादा जवळजवळ कुजबुजतो आणि मागे जेमतेम दोन ड्रम. वर्तमानपत्रांनी लिहिलं, बँड अंतर्मुख झाला, आवाज पिकला. त्या तिसऱ्या कॅसेटचं शेवटचं गाणं गायला दादा एकटा आत गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. डोक्यानं तापट होता, वैतागून पळाला असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

वहिनीनं ठरवलं नव्हतं. शिवणकाम करत ती दोन खोल्यांत एकटी राहिली. आता एका ग्रंथपालानं तिला मागणी घातली होती. भला माणूस. बँडचा गिटारवाला, आमचा लंबू, टेपा घेऊन माझ्याकडे आलाय हे कळल्यावर ती मला म्हणाली, "भाऊजी, शेवटच्या टेपवर दार उघडल्याचा आवाज आहे का, तेवढं ऐका. तुमचा भाऊ आपल्या पायांनी गेला असेल, तर मी मोकळी. नसेल, तर मी वाट बघेन."

"अजून किती, वहिनी?"

तिनं शिलाई मशीन पुन्हा चालू केलं.

टेपा निवल्यावर मी लंबूला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि हेडफोन चढवले. प्रत्येक गाण्याआधी दादा एक टाळी वाजवायचा, गाणं कुठून सुरू होतं ते कळावं म्हणून. आमच्या धंद्यात टाळीवरून खोली ओळखतात. आवाज भिंतीपर्यंत जातो, परत येतो, आणि तेवढ्यात खोली किती मोठी ते कळतं. पहिल्या टेपवर टाळी लांब जाऊन, जरा रेंगाळून आली. दुसरीवर लगेच आली. तिसरीवर ती कुठे गेलीच नाही. ट्रंकेत बसून कुणी टाळी वाजवावी, तशी वाटली.

मी बाहेर येऊन लंबूला विचारलं, "तिसऱ्या वेळी खोली बदललीत ना? की भिंतींना गाद्या लावल्या होत्या?"

"गाद्या? गिटारची तुटलेली तार बदलायची मारामार होती. खोली तीच रे, छोट्या. शेवटपर्यंत तीच."

"मग ड्रम दोनच का?"

लंबू हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. "बाकीचे मावेनात. पहिल्या वर्षी आम्ही आत पळापळी खेळायचो. शेवटी शेवटी मी गिटार उभी धरून वाजवत होतो. आम्हाला वाटायचं, सामान वाढलंय."

"कसलं सामान?"

"कसलंच नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही तर एकेक वस्तू बाहेरच काढत होतो."

तिसऱ्या कॅसेटच्या शेवटच्या गाण्याची टेप मी लावली. गाणं संपलं, टेप चालूच होती. दादाचा श्वास ऐकू आला. मग तळव्याचा आवाज, भिंतीवरून घासत जाणारा. डावीकडून निघायचा, फिरून परत डावीकडे यायचा. पुन्हा निघायचा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लवकर संपत होती.

"लंबू..." दादा म्हणाला. "दार कुठंय रे?"

मग बराच वेळ नुसतं घासणं.

"मस्करी नको... अरे, दार कुठंय?"

टेप संपेपर्यंत मी जिवाचा कान करून ऐकलं. कडी वाजली नाही, पाऊल वाजलं नाही. शेवटी तर श्वास इतका जवळ आला की मी मागे वळून पाहिलं. माझा स्टुडिओही बिनखिडकीचा, चहूबाजूंनी गच्च. उठून दाराकडे हात केला, तर दार नेहमीपेक्षा जरा लवकरच हाताला लागलं. मी बाहेर पडलो तो थेट रस्त्यावर, भर उन्हात, एकाच पायात चप्पल.

लंबू मागोमाग आला. "तेव्हा मी बाहेर दाराकडे पाठ करून, हेडफोन लावूनच बसलो होतो," तो आपणहून म्हणाला. "गाणं संपलं आणि सगळं शांत झालं. शपथ. दार उघडलं, तर आत नुसता माइक."

संध्याकाळी वहिनीकडे गेलो. खरं सांगावं, तर ही बाई उरलेला जन्म वाट बघण्यात काढणार. मनाशी काय ते ठरवूनच मी उंबरा ओलांडला.

"ऐकलंत?"

"ऐकलं. दार उघडलं, पावलं वाजली. गेला तो, वहिनी."

तिनं डोळे मिटले. रडली, मग हसली, मग दादाला एक सणसणीत शिवी हासडली. मला फार बरं वाटलं. डोळे पुसून ती म्हणाली, "चला, जरा हात लावा."

तिचं लाकडी कपाट भिंतीपासून हातभर पुढे उभं होतं.

"ओल येते म्हणून पुढे ठेवलंय ना?"

"ओल कसली, भाऊजी! या भिंतीतून कुणी हात घासल्यासारखं ऐकू यायचं. म्हटलं, आलाच तर वाट असू दे. सांगणार कुणाला? वेड्यात काढलं असतं. पण तो गेला म्हणता, म्हणजे सगळे माझेच भास."

बोलायची वेळ हीच होती. पण तिचा चेहरा इतका हलका झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी हात लावला. दोघांनी मिळून कपाट भिंतीला टेकवलं.

"चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

कपाट बोटभर पुढे आलं.

मी पाठ लावून ते मागे रेटलं. पलीकडून पुन्हा रेटा आला. फार जोराचा नव्हता, दमलेल्या माणसाचा होता. मी एक पाऊल बाजूला झालो असतो, तरी पुरलं असतं. ते मला कळत होतं. मला भयंकर भीती वाटत होती आणि त्याहून भयंकर लाज.

"साखर नेहमीइतकीच ना?" तिनं आतून विचारलं.

"हो," मी म्हणालो आणि पाय घट्ट रोवले.