दोन इनॉक

उन्हाळी सुट्टीचा पहिला सोमवार नदीवर घालवायचा ठरला होता. पण टॅबी, तिचा धाकटा भाऊ रूफस आणि शेजारचा इद्रिस चर्चच्या फाटकातच थबकले. आत म्हातारे मिस्टर क्रॅबट्री एका कबरीपाशी अगदी रडवेले होऊन उभे होते. कबर त्यांच्या पणजोबांची होती. सायलस क्रॅबट्री, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले गावचे खोगीरवाले.

पोरांनी विचारल्यावर त्यांनी सारं सांगितलं: गाड्या लावायला जागा हवी म्हणून चर्चची समिती बेवारस कबरींचे दगड उद्या उचलणार होती. आणि समितीचे मिस्टर हॅलम म्हणत होते, सायलसला वारसच नाही. मिस्टर क्रॅबट्रींचे आजोबा इनॉक हे सायलसचे चिरंजीव. पण दफनाच्या नोंदीत सायलसचा इनॉक दोन वर्षांचा असतानाच वारला होता! तेव्हा तुम्ही दुसरेच कुणी क्रॅबट्री, असं सांगून हॅलम मोकळे झाले होते.

"मेलेल्या बाळाला नातू कसा असेल?" रूफस पुटपुटला. टॅबीने त्याला कोपराने ढोसलं.

नदी राहिली बाजूला. तिघं ग्रंथालयातल्या संगणकावर जुन्या जनगणनेची पानं उघडून बसले. १८६१ साली सायलसच्या घरात इनॉक, वय एक. १८७१ साली पुन्हा इनॉक, वय सात.

"दहा वर्षांत सहाच वर्षांनी वाढला? फारच आळशी," इद्रिस म्हणाला.

रूफसच्या मते लिहिणाऱ्याने घोळ घातला होता. पण टॅबीने बाकीच्यांची वयं ताडून पाहिली. आई, वडील, थोरली बहीण, सगळे बरोबर दहा वर्षांनी मोठे झाले होते.

सायलसच्या दगडावर काही सापडतंय का पाहायला ते परत गेले. काही नव्हतं. इद्रिस वैतागून शेजारच्या दगडाला टेकला, आणि टॅबीची नजर तिथल्या अक्षरांवर गेली. एकाच आईबापांच्या दोन मुली. मार्था, वय तीन महिने. मार्था, वय चार वर्षं.

"अरे, तेव्हा गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला द्यायचे!" ती म्हणाली. "इनॉक दोन होते, बावळटांनो. पहिला गेला, मग दुसरा जन्मला."

ते पुन्हा ग्रंथालयात धावले. १९११ च्या पानावर तो दुसरा इनॉक सापडलाच: खोगीरवाला, वय सत्तेचाळीस, जन्म याच गावचा. सोबत छोटा वॉल्टर, म्हणजे मिस्टर क्रॅबट्रींचे वडील!

ती पानं छापून घेऊन तिघं हॅलमकडे गेले, तेव्हा ते चहात बिस्किट बुडवत होते. ते पानं वाचत असताना बिस्किट चहात विरघळलं, तरी त्यांना पत्ता नाही. मग ते टोपी घेऊन निघाले, ते थेट मिस्टर क्रॅबट्रींच्या दारात.

"मी एक नोंद पाहिली आणि थांबलो. ही पोरं थांबली नाहीत, शाबास आहे त्यांची," ते खाली बघत म्हणाले. "आता तो दगड हलवायचा तर तुमची परवानगी लागेल."

मिस्टर क्रॅबट्रींनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"मिळणार नाही," ते म्हणाले, आणि पोरांना चहाला आत बोलावलं.