वेताळबाबाची पत्रिका

माघ सरत आलेला. दोन दिवस आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. वारा तर कुठं जाऊन बसला होता कोण जाणे. सकाळचे नऊ वाजले तरी जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर धुकं गोधडीसारखं पडून होतं. शेवगावच्या अंगाचं ते पाणी इतकं गप, की तराफ्यावर बसलेल्या काकासाहेबांना स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती.

काम साधंच होतं. नात सुकन्याचं लग्न चार दिवसांवर आलेलं. पहिली पत्रिका गावच्या वेताळबाबाला, मग पाहुण्यांना, ही रीत. पण धरण झालं तेव्हा गाव उठून वर आलं आणि वेताळबाबा खालीच राहिला. थोरल्या नातवाच्या वेळी पाण्यात कोण जातंय म्हणून आळस केला, तर ऐन मंगलाष्टकांत मांडव उडाला, आणि नवरदेवाचा मामा मांडवाच्या दोरीला लोंबकळत उसाच्या फडापर्यंत जाऊन आला. तेव्हापासून भीमाबाईंनी, म्हणजे काकासाहेबांच्या मंडळींनी, धसका घेतलेला. "बाबाला बोलावल्याबिगर मी हळद दळायची न्हाई," असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं.

थर्माकोलचा तराफा भाच्याचा, अजिनाथचा. मासे धरायचा. त्यानं बांबू खाली दाबला. "मामा, बाबाचा चौथरा लागला. दोन पुरुष पाणी हाय."

बांबू टेकला तिथनं बुडबुडे निघाले. आधी एक, मग चार, मग भात शिजावा तसे. पाण्यावर रंगीबेरंगी तेलकट तवंग पसरला, आणि वास आला... बंद खोलीत ठेवलेल्या जुन्या स्टोव्हचा.

"अजिनाथ... ह्ये काय रं?"

"ग्यास." अजिनाथनं तीन वर्षं समुद्रातल्या तेलविहिरीवर रंगकाम केलेलं. "उथळ समुद्राच्या तळातनं तेल न् ग्यास आसाच पाझरतो. कुनी खोदायबी लागत न्हाई. हितं गाळाखाली काय कुजलं आसंल."

"खाली आपलं गाव हाय लेका. कुजलं काय म्हनतो?"

काकासाहेबांना अक्षर येत नव्हतं. पण उभ्या जन्मात शेकडो घरी आमंत्रणं केलेली, तोंडाला वळणच पडलेलं. पत्रिकेला हळदकुंकू लावून ती पाण्यावर ठेवली, हात जोडले, आणि सवयीनं बोलून गेले, "बाबा, सुकन्याचं लगीन हाय. सहकुटुंब, सहपरिवार येन्याचं करावं. कुनाला मागं ठिवू नये."

बुडबुडे थांबले.

"मामा..." अजिनाथ हळूच म्हणाला. "वेताळाचा परिवार म्हंजी... समदी भुतंच की वो."

तेवढ्यात खालून असं मोठं भुडुक झालं की तराफा हातभर उचलला. जणू अख्खी पंगत एकदम उठली. देवाला शांत करावं म्हणून काकासाहेबांनी घाईनं कापूर काढला.

"मामा, काडी नगा वढू!"

पण काडी ओढून झाली होती. पाणीच पेटलं. निळी ज्योत, धूर नाही, आवाज नाही. तराफ्याभोवती तिनं एक फेर धरला आणि विझली. जाताना काकासाहेबांची डावीकडची मिशी घेऊन गेली.

"ग्यासच हाय," अजिनाथ म्हणाला. तराफा मात्र त्यानं काठाकडं वळवला.

काकासाहेबांनी उरलेल्या मिशीनिशी विनवणी केली. "बाबा, चुकलं माजं. एकटेच या. तीनशे मान्सांचाच सैपाक सांगितलाय... पोरीच्या सासरचे लई भित्रे हायेत. तिचं लगीन मोडंल, बाबा..."

वास गेला. तवंग तेवढा सरकत सरकत काठाकडं निघाला. वारा नव्हता, तरी निघाला. आणि अजिनाथ जीव तोडून बांबू मारत होता, तरी त्यांच्या आधी काठाला पोचला.

घराच्या वळणावर शेजारची बनुबाई दोन रिकामे हंडे घेऊन पळत येताना दिसली. तिला काकासाहेबांच्या मिशीकडं बघायलाही सवड नव्हती.

"कुटं गेल्ता काकासाहेब? तुमचे पाव्हने कवाचे येऊन बसलेत! वसरी भरली, अंगन भरलं, न् आजून येतच हायेत. भीमाबाई एकालाबी वळखीना. च्या नगो, खायला नगो, निसतं पानी मागत्यात. सात हंडे झाले, तरी म्हनत्यात, लई कोरडं हाय वो तुमच्याकडं."