राजगिऱ्यातली गुलाबी पाखरं

विमल दुर्बीण डोळ्याला लावून श्वास रोखून बसली होती… आणि मागून कोणीतरी "हाऽऽ हुर्र" असं बोंबलत ढेकूळ भिरकावलं. राजगिऱ्याच्या लालभडक शेतातला गुलाबी पाखरांचा सगळा थवा भर्रकन उडाला.

ओरडणारा खंडेराव होता. ब्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात नाशिकची मंडळी पक्षी बघायला कुमाऊंच्या डोंगरात गेली, तेव्हा एकाची जागा रिकामी राहिली म्हणून हा सटाण्याचा कांदा पिकवणारा शेतकरी ऐनवेळी सोबत आला होता. उभ्या पिकावर पाखरं दिसली की हात आपसूक उठतो, असं तो मान खाली घालून म्हणाला. विमलनं कपाळावर हात मारून घेतला.

ती नाशिकला गंगापूर रोडच्या एका शाळेत शिकवायची. परतल्यावर आई स्थळं बघणार होती, आणि लग्नानंतर ही भटकंती बंद, असं तिनं बजावलं होतं. विमलनं ते बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं कुरकुरून सांगितलंही होतं. या गुलाबी छातीच्या पाखराच्या दोन जाती हुबेहूब सारख्या, फरक फक्त भुवईत, म्हणजे डोळ्यावरच्या पट्ट्यात. ती भुवई तेवढी तिला बघायची होती.

दुसऱ्या सकाळी, मुक्काम हलण्याआधी, ती पुन्हा बांधावर बसली. थवा आला, आणि शेताची मालकीण, एक म्हातारी, डबा बडवत आली. विमलला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात खंडेराव म्हातारीकडे गेला, मोडक्या हिंदीत काहीबाही बोलला, तिच्या हातातला विळा घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात कापणीला लागला. पाखरांना घटकाभर खाऊ द्या, तोवर मी कापतो, असा सौदा होता. डबा थांबला, आणि थवा पुन्हा शेतात उतरला.

कापणी आटोपून तो वाकत वाकत विमलशेजारी येऊन बसला.

"दिसली का भुवई?"

"गप्प बसा ना… आता तोंड वळवेल ते."

"आमच्या घरात असला नियम नाय."

"कसला?"

"लग्न झालं की बाईनं फिरायचं नाय, हा."

विमलनं दुर्बीण खाली घेतली. तो कानापर्यंत लाल झाला होता, आणि बोटातून रक्त येत होतं. ती परत वळेपर्यंत थवा दरीपलीकडे गेला होता.

"राहिली ना बघायची," ती वैतागली. "आता पुन्हा यावं लागेल."

"येऊ की."

"तुम्हाला कोण बोलावतंय?"

विमलनं रुमाल काढून त्याच्या बोटाला बांधला, गाठ जरा जास्तच करकचून.

"नाशिकला गेल्यावर रविवारी घरी या," ती म्हणाली. "आईशी तुम्हीच बोला. मी दमले तिच्याशी भांडून."