बिशप गुनवोरनं दंड ठेवला ती रात्र

गायनाची तालीम संपली तोवर बाहेर वाऱ्यानं बर्फ उडवायला सुरुवात केली होती. ओर्नहामरच्या कॅथेड्रलमागच्या सभागृहात तूवा आणि हॅम्पस एवढी दोन पोरं बसची वाट बघत उरली. म्हाताऱ्या सिक्स्टननं, म्हणजे तिथल्या जुन्या ऑर्गनवादकानं, कॉफीची किटली पुन्हा शेगडीवर चढवली.

"काका," तूवा म्हणाली, "चर्चमधल्या त्या भिंतीवरचे सगळे बिशप असे चिडलेले का हो?"

"पोटं बिघडलेली. दुसरं काय?"

"एकटी बिशप गुनवोरच तेवढी हसतेय."

सिक्स्टननं दिव्याकडं पाहिलं. "तिला हसायचा हक्क आहे. तिची तसबीर त्या रांगेत लागली नसती. बसा इथं. तिचा नवरा एव्हर्ट माझा मित्र. त्यानं हे मला एकदाच सांगितलं. मीही एकदाच सांगणार."

एव्हर्ट जमिनीची मोजणी करणारा, रिटायर झालेला, सरळ माणूस. बायको बिशप झाली म्हणून त्याच्या चालीत काही फरक पडला नाही. ती सभेला जायची, हा घरी वाटाण्याचं सूप ढवळायचा. धर्मप्रांतातले काही पुरुष मात्र तिला बघून आंबट तोंड करत. त्यांचा म्होरक्या होता प्रमुख पाद्री राग्नवाल्ड. "पाचशे वर्षांची साखळी आहे ही," तो म्हणायचा, "हिच्यात बाईची कडी बसत नाही." गुनवोर त्याला तोंडावर म्हणाली होती, "नाही बसली तर ठोकून बसवीन. हातोडा आहे माझ्याकडं."

मग तिला दुखणं लागलं. पायांतली ताकद गेली. बिशपचा लाकडी धर्मदंड, वर चांदीची वळणदार मूठ, खाली लोखंडी टोक, तो ती घरातल्या घरात काठीसारखा टेकत चालायची. फरशीवर टोक सटकायचं. एव्हर्टनं औषधाच्या दुकानातून म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ते रबरी बूच आणलं आणि डिंक लावून पक्कं बसवलं. ती इतकी हसली, इतकी हसली! "पाचशे वर्षांच्या साखळीला रबर लावलंस रे!" त्यानंतर घरात तिची चाल ओळखू यायची. पाय घासल्याचा आवाज. मग थप. पाय घासल्याचा आवाज. थप.

मे महिन्यात ती गेली.

आता इथली रीत तुम्हाला ठाऊक आहे. दंड हातातून हातात द्यायचा नाही. जाणारा बिशप तो स्वतःच्या हातानं वेदीवर ठेवतो, येणारा तिथून उचलतो. पदावर असताना कुणी वारला, तर दंड शवपेटीवर त्याच्या हातापाशी ठेवायचा आणि मग वेदीवर न्यायचा. म्हणजे त्यानंच ठेवला, असं धरतात. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी राग्नवाल्ड दंड न्यायला आला. एव्हर्टनं दार अर्धवट उघडलं आणि खोटं बोलला. "मुठीला चीर गेलीय. स्टॉकहोमच्या सोनाराकडं पाठवलाय."

दंड आत पलंगाला टेकून उभा होता. ती झोपायची त्या बाजूला.

का, म्हणून विचारू नका. रात्री हात लांब करून तो मूठ धरायचा. एवढंच.

उन्हाळा गेला. नवा बिशप निवडला गेला. राग्नवाल्डचा फोन आला. "एव्हर्ट, दंड शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये पोचव. आणि हो, गुनवोरनं तो ठेवलाच नाही. पेटीवर नव्हता ना? तेव्हा तिच्या आधीचे बिशप आर्विद रविवारी तो वेदीवर ठेवतील. साखळी त्यांच्यापासून पुढं जाईल." थोडं थांबून म्हणाला, "तसबिरीचंही मग बघू."

एव्हर्टच्या हातात फोन तसाच राहिला. बायकोची कडी राग्नवाल्डला आयुष्यभर काढता आली नव्हती. ती एव्हर्टनं काढून दिली होती. तीही प्रेमानं.

नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार. उद्या सर्व संतांचा दिवस. चारलाच अंधार पडलेला, कबरस्तानात लोकांनी लावलेल्या मेणबत्त्या बर्फात लुकलुकत होत्या. बूच काढायचा एव्हर्टनं खूप प्रयत्न केला. पक्कडीनं ओढलं, गरम पाणी ओतलं. हलेना. शेवटी दंड जुन्या शालीत गुंडाळला आणि तसाच निघाला. गुनवोरच्या कबरीशी एक मेणबत्ती लावली. तिथून चर्चमध्ये.

चर्चच्या नोकरानं किल्ली दिली. "आतल्या खोलीत ठेवा आणि दार ओढून घ्या. मी कबरस्तानात मेणबत्त्या बघायला जातोय." जाता जाता म्हणाला, "अहो, खाली हे काय? रबर? बिशपीणबाई पण ना!"

एव्हर्ट हसला. मग एकटा उरला.

आतल्या खोलीकडं त्याची पावलं वळेनात. पहिल्या बाकावर तो बसला, दंड मांडीवर आडवा. एकच दिवा. भिंतीवर सगळे ते चिडलेले पुरुष. शेवटी एक खिळा. रिकामा.

"गुनवोर," तो म्हणाला, "मी तुझं वाटोळं केलं गं."

त्यानं अंगठ्यानं मूठ पुसली.

वारा थांबला होता. मेणाचा वास. त्याच्या श्वासाची वाफ.

मग मागून, दाराकडून...

पाय घासल्याचा आवाज.

थप.

एव्हर्टनं मांडीकडं पाहिलं. दंड तिथंच होता. बूच तिथंच होतं.

पाय घासल्याचा आवाज. थप.

त्याला ती चाल पाठ होती. त्यानं मान वळवली नाही. मानच वळेना.

थप.

बाकाशी येऊन आवाज थांबला. कापराच्या मलमाचा वास आला. तो रोज रात्री तिच्या गुडघ्यांना चोळायचा, तेच मलम.

दंड हलला. अगदी हळू. कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरल्यासारखा.

एव्हर्टनं मूठ आवळली. दोन्ही हातांनी.

"नको," तो म्हणाला. "थोडे दिवस... गुनवोर, थोडेच दिवस..."

ओढ वाढली नाही. सुटलीही नाही. ती थांबली होती. आयुष्यभर त्याच्यासाठी थांबायची तशी. तो बूट घालेपर्यंत, चष्मा शोधेपर्यंत...

किती वेळ गेला, कोण जाणे.

त्यानं एक बोट सोडलं.

मग दुसरं.

मग सगळी.

मांडी हलकी झाली. डोळे मिटलेले. पावलं पुढं निघाली, वेदीच्या दिशेनं. आता आवाज वेगळा होता. रबराचा नव्हता. दगडावर उघडं लोखंड.

टक्.

टक्.

टक्...

आणि लाकूड लाकडावर ठेवल्याचा आवाज.

सिक्स्टननं शेगडीकडं पाहिलं. किटली उकळत होती, कुणी उठलं नाही.

"मग?" हॅम्पस कुजबुजला.

रविवारी चर्च भरलं होतं. नव्वदीचे आर्विद दोघांच्या आधारानं वेदीपर्यंत आले आणि थांबले. दंड आधीच तिथं होता. राग्नवाल्डचा चेहरा लाल झाला. तो एव्हर्टपाशी येऊन फिसकारला, "तू ठेवलास? तुझा काय अधिकार?"

"मी नाही ठेवला," एव्हर्ट म्हणाला. "मी नुसता सोडला."

आर्विदनं वाकून दंडाचं उघडं लोखंडी टोक पाहिलं. मग वेदीपुढचा दगड. दारापासून वेदीपर्यंत कुणी पाय ओढत चालल्याच्या ओल्या रेघा होत्या त्यावर. एकाच माणसाच्या. परत आलेल्या नव्हत्या. म्हातारा माघारी फिरला. "मला बसवा रे. ज्यानं ठेवायचा त्यानं ठेवलाय. राग्नवाल्ड, तू बाजूला हो."

नव्या बिशपनं दंड उचलला. घंटा वाजल्या. गुनवोरचा खिळा तिचाच राहिला.

"पण ते बूच?" तूवानं विचारलं. "ते कुठं गेलं?"

सिक्स्टननं कप बाजूला सारला.

शुक्रवारी एव्हर्ट घरी आला, कुलूप उघडलं, दिवा लावला. पलंगावर तिच्या बाजूच्या उशीवर बूच उभं होतं. त्याच्या खळग्यात बर्फ भरलेला, कबरस्तानातला, मेणाचे ठिपके पडलेला. घर चांगलं तापलेलं होतं. तो उशाशी बसून राहिला. रात्रभर. शनिवारभर. बर्फ वितळला नाही.

रविवारी घंटा थांबल्यावर तो घरी गेला.

बुचात पाणी होतं.

कोमट.